डावे वजा उजवे : मेंदूच्या प्रतिमा मोजण्याआधी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. मी पुण्यात मानसशास्त्रात पीएच.डी. करते. डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यातील अडचण) असलेल्या आणि नसलेल्या 9 ते 12 वर्षांच्या मुलांच्या मेंदूतील डाव्या-उजव्या फरकाची तुलना हा माझा विषय आहे. प्लॅनम टेम्पोराले हा भाषेशी संबंधित भाग बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे मोठा असतो आणि डिस्लेक्सियात हा फरक पुसट होतो, असे वाचनात आल्यामुळे मी तो निवडला. चाचणीदाखल प्रत्येक गटातील 14 मुलांचे एमआरआय स्कॅन करून पाहिले. डिस्लेक्सिया नसलेल्या मुलांत डावी बाजू सार्थकरीत्या (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतकी) मोठी निघाली, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत तशी निघाली नाही. म्हणजे गृहीतक बरोबर दिसते. आता प्रत्येक गटात 30 मुले घेऊन मुख्य अभ्यास करायचा आहे. विश्लेषणाची आखणी कशी करावी?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘म्हणजे’ या एका शब्दापाशीच मला थांबावे लागले, कारण आखणीचे जवळजवळ सगळे मर्म तिथे दडलेले आहे. एका गटात फरक सार्थक आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून दोन गटांत फरक आहे असे ठरत नाही. आकडे घालून पाहू. समजा, डिस्लेक्सिया नसलेल्या मुलांच्या असममिती निर्देशांकाची, म्हणजे डाव्या-उजव्या फरकाच्या मापाची, सरासरी 0.10 आहे आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या सरासरीतील अनिश्चितता, 0.04. भागाकार 2.5 येतो, तो साधारण 2 हून मोठा असल्याने सार्थक ठरतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची सरासरी 0.05 आणि प्रमाण त्रुटी तीच 0.04. भागाकार 1.25 येतो, तो सार्थक ठरत नाही. आता तुमचा खरा प्रश्न विचारा, की या दोन सरासऱ्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत का? त्यांच्यातील अंतर 0.05, त्या अंतराची प्रमाण त्रुटी सुमारे 0.057, आणि भागाकार 0.88. म्हणजे गटांत फरक असल्याचा पुरावा इथे नाही. हाती आहे ती एक अंधूक शक्यता.

ही चूक करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. नेचर न्यूरोसायन्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मेंदूविज्ञानातील 513 लेख तपासले गेले. त्यांपैकी ज्या लेखांत अशी तुलना करण्याचा प्रसंग होता, त्यांतील 78 लेखांनी योग्य रीत वापरली होती आणि 79 लेखांनी चुकीची. ते लेखही नामांकित नियतकालिकांतलेच होते. असममितीच्या अभ्यासात हा सापळा अधिकच जवळ असतो, कारण तिथे मुळातच एक वजाबाकी असते, डावे वजा उजवे, आणि गटांची तुलना ही त्या वजाबाक्यांची वजाबाकी. संख्याशास्त्राच्या भाषेत तुम्हाला गट आणि गोलार्ध यांची आंतरक्रिया, म्हणजे डावा-उजवा फरक गटानुसार बदलतो का, हे तपासायचे आहे. तेवढी एकच चाचणी मुख्य म्हणून आधी लिहून ठेवा. डाव्या बाजूची गटतुलना आणि उजव्या बाजूची गटतुलना या तिच्यानंतरच्या, स्पष्टीकरणापुरत्या गोष्टी आहेत.

गृहीतकाचा इतिहासही थोडा सावधपणे वाचावा, असे मी सुचवीन. गेशविंड आणि लेविट्स्की यांनी 1968 साली मृत्यूनंतरच्या 100 मेंदूंची मोजणी केली, तेव्हा प्लॅनम टेम्पोराले 65 मेंदूंत डावीकडे मोठे होते, 11 मेंदूंत उजवीकडे, आणि 24 मेंदूंत दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे. डाव्या बाजूचा मोठेपणा नसलेले असे 35 मेंदू त्यांना आढळले, म्हणजे दर तिघांमागे एकाहून थोडे अधिक. पुढे 1985 साली गालाबुर्डा आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया असलेल्या चार पुरुषांचे मेंदू तपासले आणि चारही ठिकाणी हा भाग दोन्हीकडे सारखा आढळल्याचे नोंदवले. हा शोध गाजला. पण चार मेंदू म्हणजे चारच मेंदू, आणि ज्या गोष्टीत एरवीही एवढी विविधता आहे तिथे चारांवर किती भार टाकायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. नंतरच्या एमआरआय अभ्यासांत निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत, आणि त्याचे एक साधे कारण मोजपट्टीत आहे. हा भाग मेंदूच्या बाजूला असलेल्या सिल्व्हियन नावाच्या खोल खाचेच्या आत, हेशलच्या वळीच्या (ऐकण्याशी संबंधित उंचवट्याच्या) मागे असतो. उजव्या गोलार्धात ही खाच बहुधा लवकर वर वळते. त्या वर वळलेल्या भागाची भिंत मोजणीत धरायची की सोडायची, यावर डावे-उजवे अंतर कमी-जास्त होते. तेव्हा सीमारेषेचा नियम चित्रांसह आधीच लिहून ठेवा. हाताने रेषा आखणार असाल, तर आखणाऱ्या व्यक्तीला मुलाचा गट कळता कामा नये आणि बाजूही कळता कामा नये. त्यासाठी काही प्रतिमा नाणेफेक करून आरशासारख्या उलट्या करून तिच्यापुढे ठेवाव्यात आणि कोणत्या उलटल्या याची यादी दुसऱ्या कुणाकडे असावी. माणूस डावीकडे मोठे शोधू लागला, की त्याला ते सापडतेच.

सूत्राविषयी. बहुतेक जण डाव्यातून उजवे वजा करून दोहोंच्या सरासरीने भागतात. एका मुलाची डावी बाजू 2000 घन मिलिमीटर आणि उजवी 1600 असेल, तर फरक 400, सरासरी 1800, निर्देशांक 0.22. काही जण सरासरीऐवजी बेरजेने भागतात, तेव्हा तोच निर्देशांक 0.11 होतो. दोन्ही चालतात, पण कोणता वापरला हे न लिहिल्यामुळे दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करताना दुपटीचा घोळ झालेला मी पाहिला आहे. भागाकारामुळे मेंदूच्या एकूण आकाराचा प्रभाव बराच कमी होतो, हा त्याचा फायदा. तोटा असा, की निर्देशांक घटला तर डावी बाजू लहान झाली की उजवी मोठी झाली, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सरासऱ्या तक्त्यात द्यायलाच हव्यात. निर्देशांकाऐवजी मिश्र प्रतिमान (एकाच मुलाच्या अनेक नोंदी एकत्र हाताळणारी संख्याशास्त्रीय रीत) वापरून प्रत्येक मुलाच्या दोन नोंदी ठेवल्या, तरीही चालेल. दोन बाजू असताना प्रश्न तोच राहतो आणि दोन्ही मार्गांनी उत्तर बहुधा सारखेच येते.

आता सर्वांत जड मुद्दा, मुलांच्या संख्येचा. वजाबाकी ही खर्चिक गोष्ट आहे. तुमच्या मोजणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यास माप किती जुळते; 1 म्हणजे पूर्ण) प्रत्येक बाजूला 0.9 आहे असे धरू, म्हणजे ती चांगलीच आहे. एकाच मुलाच्या डाव्या आणि उजव्या मापांत सहसंबंध 0.8 आहे असे धरू, कारण ज्याचा मेंदू मोठा त्याच्या दोन्ही बाजू मोठ्या असणारच. मग फरकाची विश्वसनीयता येते 0.9 वजा 0.8, भागिले 1 वजा 0.8, म्हणजे 0.5. दोन चांगल्या मापांच्या वजाबाकीतून एक सुमार माप हाती येते, कारण दोहोंत सामाईक असलेला खरा भाग रद्द होतो आणि चुका मात्र रद्द होत नाहीत. गटांतील खरा फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (मुलामुलांतील नेहमीच्या चढउताराच्या निम्मा) असला, तरी अशा मापावर तो सुमारे 0.35 इतकाच दिसेल. अर्ध्या विचलनाचा फरक 80 टक्के शक्तीने, म्हणजे फरक असल्यास दहापैकी आठ वेळा, पकडायला प्रत्येक गटात सुमारे 64 मुले पुरतात, 0.35 पकडायला सुमारे 130 लागतात. प्रत्येक गटात 30 मुले घेतलीत, तर तेवढ्याच शक्तीने तुम्हाला सुमारे 0.74 विचलनाहून लहान फरक दिसणार नाही. एवढा मोठा फरक असण्याची आशा मी तरी धरणार नाही. ऑटिझमसाठी एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 साली 1,774 व्यक्ती आणि तुलनेसाठी 1,809 व्यक्ती यांच्या प्रतिमा एकत्र करून असममिती तपासली, तेव्हा फरक सापडले खरे, पण ते फार लहान होते. डिस्लेक्सिया म्हणजे ऑटिझम नव्हे, हे मान्य. तरी अंदाजाला हा आकडा उपयोगी आहे.

मग काय करावे? दोनशे साठ मुले गोळा करणे पीएच.डी.च्या काळात आणि अनुदानात बसणार नाही, हे मला कळते. मुले वाढवता येत नसतील, तर माप सुधारावे. प्रत्येक मुलाचा टी-1 स्कॅन (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआय) त्याच बैठकीत दोनदा घेतला आणि दोन्हींची सरासरी धरली, तर 0.5 ची विश्वसनीयता 0.67 च्या आसपास जाऊ शकते. मुलाला आणखी पाच-सहा मिनिटे निपचित पडून राहावे लागते, एवढीच किंमत. शिवाय हलणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. डोके हलल्यामुळे करड्या द्रव्याचे माप खऱ्यापेक्षा कमी येते, आणि वाचनाची अडचण असलेल्या गटात चंचलताही अधिक असेल, तर तो फरक मेंदूचा समजला जातो. हलल्याचे प्रमाण प्रत्येक मुलामागे नोंदवा आणि कोणता स्कॅन बाद करायचा याचा नियम गट न पाहता लावा. दोन्ही गटांतील मुले एकाच यंत्रावर, आणि आलटून पालटून, घ्या. आधी सगळी डिस्लेक्सियाची मुले आणि मग सुट्टीत शेजारच्या शाळेतली मुले असे करू नका. डोक्याभोवतीची, संकेत टिपणारी कॉइल दोन्ही बाजूंना अगदी सारखी संवेदनशील नसते, आणि मधल्या काळात ती बदलली गेली तर तुमची असममिती कॉइलची ठरेल.

संपूर्ण मेंदूचे व्हॉक्सेलवार (प्रतिमेतील एकेका बारीक घन ठिपक्यागणिक) विश्लेषणही करणार असाल, तर एक काळजी घ्या. आपण ज्याला प्रमाण साचा म्हणतो तो एमएनआयचा (मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा) नेहमीचा साचा स्वतःच असममित आहे, कारण तो खऱ्या माणसांच्या सरासरीतून बनला आहे. त्यावर सर्वांना बसवले, की साच्यातील तिरपेपणा मुलांच्या मापांत मिसळतो. प्रत्येक प्रतिमा आणि तिची आरशातली प्रतिमा यांच्यापासून सममित साचा तयार करावा, दोन्ही त्यावर बसवाव्यात आणि मग फरक काढावा. एसपीएम ही संगणक प्रणाली वापरणाऱ्यांसाठी कुर्थ, गासर आणि ल्यूडर्स यांनी 2015 साली याची 12 पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली आहे, ती जशीच्या तशी पाळण्यासारखी आहे. फ्रीसर्फर ही प्रणाली वापरत असाल, तर त्यात दोन्ही गोलार्ध एकाच सममित पृष्ठभागावर आणण्याची सोय आहे. फरकाची प्रतिमा डावीकडे आणि उजवीकडे एकमेकींची उलट नक्कल असते, म्हणून एकाच गोलार्धात चाचणी करावी. अन्यथा तोच पुरावा दोनदा मोजला जातो. प्रतिमा गुळगुळीत करण्याची पायरी फरक काढल्यानंतर आणि अर्धा मेंदू झाकल्यानंतर घ्यावी, नाहीतर मध्यरेषेजवळ एका बाजूचे माप दुसऱ्या बाजूत झिरपते.

वय, लिंग, घरची भाषा आणि शाळेचे माध्यम या चारांची दोन्ही गटांत जुळणी करा. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची वाचनाची अडचण केवळ इंग्रजी चाचणीवर ठरवली असेल, तर त्याला कोणत्या गटात घातले आहे हे मलाही सांगता येणार नाही. देवनागरीतील वाचनाचीही चाचणी घ्या. आणि हे सगळे, म्हणजे एक भाग, एक निर्देशांक, अपेक्षित दिशा आणि बाद करण्याचे नियम, पहिल्या मुख्य स्कॅनच्या आधी तारखेसह एखाद्या सार्वजनिक नोंदणीस्थळी ठेवा. चाचणीदाखल घेतलेली 28 मुले मुख्य अभ्यासात मिसळू नका. गृहीतक त्यांच्याकडे पाहूनच पक्के झाले आहे.

प्रश्न : मी नागपूरच्या एका रुग्णालयात एमआरआय तंत्रज्ञ आहे. संशोधनासाठी स्कॅन करून देण्याची विनंती अनेकदा येते. डावी-उजवी अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्या बाजूने नेमके काय करावे?

उत्तर : हा प्रश्न संशोधकांनी विचारायला हवा होता, तुम्ही विचारलात, याचा आनंद वाटतो. तुम्हाला ठाऊकच आहे, की डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून पाहतात तशी प्रतिमा दाखवली, तर पडद्याच्या डावीकडे रुग्णाची उजवी बाजू येते. मेंदूसंशोधनातील काही मंडळी मात्र प्रतिमा मागून पाहिल्यासारखी ठेवतात. दोन्ही रिवाज चालू आहेत, आणि फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेताना कोणती बाजू कुठे हे लेबलवर अवलंबून राहते. ॲनालाइझ या जुन्या फाइलप्रकारात ही माहिती खात्रीने टिकत नसे. निफ्टी हा नवा फाइलप्रकार येण्यामागे तो घोळ एक कारण होता. यंत्रातून निघणाऱ्या मूळ डायकॉम फाइलमधील लेबलसुद्धा तुम्ही यंत्रावर रुग्णाची स्थिती काय नोंदवता यावरून ठरते. डोके आधी आणि पाठीवर झोपलेला, ही नोंद घाईत चुकली, तर पुढचे सगळे नीट होऊनही बाजू चुकते.

उपाय दोन रुपयांचा आहे. औषधांच्या दुकानात मिळणारी व्हिटॅमिन ई ची तेलाची कॅप्सूल प्रत्येक मुलाच्या उजव्या कानशिलावर टेपने चिकटवा. टी-1 प्रतिमेत ती पांढऱ्या शुभ्र ठिपक्यासारखी चमकते, आणि पुढे कोणत्याही संगणकावर, कितीही वेळा रूपांतर झाले तरी उजवी बाजू कोणती हे ती सांगत राहते. नेहमी उजवीकडेच, दोन्ही गटांत, आणि नोंदवहीत तशी टीप. चेहरा ओळखता येऊ नये म्हणून संशोधक प्रतिमेतून चेहऱ्याचा भाग काढून टाकतात, तेव्हा कॅप्सूलही निघून जाऊ शकते; म्हणून तपासणी त्याच्या आधी करावी, हे त्यांना सांगा.

एका जुन्या प्रकल्पात असा ठिपका नव्हता. रूपांतराची आज्ञा मध्येच बदलली गेली आणि काही प्रतिमा उलट झाल्या. मेंदू वरवर इतका सममित दिसतो, की उलट प्रतिमा कुणाच्या डोळ्यांना खुपली नाही. मूळ फाइली नव्याने उघडून जुळवण्यात दोन महिने गेले. नुकसान किती होते, याचा हिशोब वरच्याच आकड्यांवर करता येतो. 14 मुलांच्या गटात 0.20 निर्देशांकाचे एक मूल उलटले, तर त्याचा निर्देशांक उणे 0.20 होतो आणि गटाची सरासरी 0.40 भागिले 14, म्हणजे जवळजवळ 0.03 ने हलते. ज्या फरकाचा शोध चालला आहे तो 0.05 चा. गटाच्या सरासरी प्रतिमेत उजवा कपाळाकडचा भाग किंचित पुढे आणि डावा मागचा भाग किंचित मागे आलेला दिसायला हवा. तो पीळ उलट दिसला तर काहीतरी गडबड आहे असे समजावे. पण ही खूण सरासरीपुरती आहे, एका मुलाविषयी तिच्यावर विसंबू नका.

प्रश्न : माझा 10 वर्षांचा मुलगा मेंदूच्या अशाच एका अभ्यासात तुलनेच्या गटात जाणार होता, पण अर्जावर ‘डावखुरा’ लिहिताच त्याला नको म्हटले. तो लिहितो डाव्या हाताने, पण जेवतो उजव्याने, कारण आजीने लहानपणीच तशी सवय लावली. त्याच्या मेंदूत काही उलट आहे का, आणि त्याला वगळणे योग्य होते का?

उत्तर : उलट असण्याची शक्यता कमी आहे. जर्मनीतील एका गटाने 2000 साली भाषेची मुख्य बाजू रक्तप्रवाहावरून तपासली, तेव्हा ती उजवीकडे असण्याचे प्रमाण पक्क्या उजव्यांत 4 टक्के, दोन्ही हात वापरणाऱ्यांत 15 टक्के आणि पक्क्या डावखुऱ्यांत 27 टक्के आढळले. बहुसंख्य डावखुऱ्यांचीही भाषा डाव्या गोलार्धातच असते. संशोधक त्यांना वगळतात ते गटातील विविधता कमी करण्यासाठी. यामागचे कारण मला पटते, पण रीत पटत नाही. दहापैकी साधारण एक मूल डावखुरे असते. दोन्ही गटांत त्यांचे प्रमाण सारखे ठेवले आणि हातपणाचा (कोणता हात किती वापरतो याचा) आकडा विश्लेषणात घेतला, तर वगळण्याची गरज उरत नाही. एकाच गटातून त्यांना वगळले, तर मात्र तुलनाच बिघडते.

दुसरी अडचण प्रश्नावलीची आहे. ओल्डफिल्ड यांची 1971 ची एडिनबरा प्रश्नावली आजही सर्वत्र वापरतात. तिच्यात लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणे आणि डब्याचे झाकण उघडणे अशा दहा बाबी आहेत, आणि उजवे वजा डावे भागिले बेरीज अशाच सूत्राने गुण काढतात. त्यातील झाडूचा प्रश्न ‘दांड्यावर वरचा हात कोणता’ असा आहे. आपल्या घरात केरसुणी एका हाताने, वाकून चालवतात. त्या प्रश्नाला आपल्याकडे अर्थ राहत नाही. चमच्याचा प्रश्न जेवणाच्या शिस्तीत अडकतो, आणि जेवण, प्रसाद घेणे, पैसे देणे यांत उजवा हात घराने लावलेला असतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत आजीची शिस्त बाजूला ठेवून जी कामे कुणी शिकवली नाहीत ती पाहावीत. चेंडू कोणत्या हाताने फेकतो, कॅरमचा स्ट्रायकर कोणत्या हाताने मारतो, सुईत दोरा ओवताना दोरा कोणत्या हातात धरतो. बॅट धरण्यावरून ठरवू नका. ती दोन्ही हातांनी धरतात आणि प्रशिक्षक सांगेल तशी धरली जाते. पुढच्या वेळी अर्जावर एका शब्दाऐवजी या तीन-चार नोंदी आणि सवय लावल्याचा उल्लेख लिहून द्या.